गणवेश नसलेली फौज एकाच फौजेसारखी कशी दिसली

डिसेंबर २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात माझी रंगवलेल्या छोट्या मूर्तींची फौज पुरी झाली. ४८ स्वार, ३६ गारदी (कवायती पायदळ), तीन तोफा आणि त्यांचे गोलंदाज, जंबुरके (उंटावरून डागायच्या हलक्या तोफा) लादलेले दोन उंट आणि निशाणं. माणूस २८ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण इंचभर. सुरुवात जानेवारीच्या शेवटी केली होती. बडोद्यात हा छंद असलेलं ओळखीचं कुणी नव्हतं. इंचभर माणूस कसा रंगवायचा हे शिकवणारे व्हिडिओ पुष्कळ मिळाले, पण ते एकेकट्या माणसाचे. शंभर जण शेजारी शेजारी उभे केल्यावर ती एक फौज दिसावी, आणि तीही अठराव्या शतकातली मराठ्यांची, यासाठी काय करावं ते मला तुकड्यातुकड्यांनी जमवावं लागलं. म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे.

काम आलं पुण्याच्या भाच्याकडून. तो आणि त्याचे मित्र टेबलावर लढाया खेळतात. १४ जानेवारी १७६१ चं पानिपत मांडायचं त्यांनी ठरवलं होतं आणि डाव्या बाजूला माणसं कमी पडत होती. "आत्या, तू बडोद्याची. दमाजीराव तूच कर," असं तो म्हणाला आणि मला नाही म्हणवेना. मराठ्यांच्या डाव्या बाजूला इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण होती. तिच्या लगत दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचे स्वार होते. अब्दालीकडच्या रोहिल्यांवरचा पहिला मोठा हल्ला याच बाजूनं झाला. दमाजीराव त्या रणातून जिवंत परतले आणि पुढे १७६८ साली वारले. बडोद्याच्या दांडिया बाजारात लहानाची मोठी झालेल्या माणसाला हे नाव काही परकं नाही.

पहिला प्रश्न गणवेशाचा. नेपोलियनच्या काळातल्या युरोपी फौजा रंगवणाऱ्यांना तो पडतच नाही. पलटणीचा कोट निळा तर सगळे निळे. मराठा स्वारांचं तसं नव्हतं. बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, हत्यारही बहुधा सरकारचं. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन यायचा, अंगावर जे असेल ते त्याचं त्याचं. सगळ्यांना एकच रंग द्यावा तर इतिहास मोडतो, आणि प्रत्येकाला मनाला येईल तो द्यावा तर नजर कुठंच ठरत नाही. वर्षभराचं माझं काम म्हणजे या दोन टोकांच्या मधली वाट शोधणं.

आधी माणसं मिळवायची होती. परदेशातून धातूच्या मूर्ती मागवण्याचा विचार मी लवकरच सोडला. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का लागतो. आपलं पार्सल खेळण्यांत मोडेल की नाही, हे ते बंदरात अडकल्यावर समजण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी थ्रीडी छपाईच्या फाइल विकत घेतल्या, साधारण २,९०० रुपयांना. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत दागिन्यांचे आणि दातांचे नमुने रेझिनमध्ये (अतिनील प्रकाशानं घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकमध्ये) छापणारा एक तरुण आहे, त्याच्याकडून त्या छापून घेतल्या. स्वाराला १२० रुपये, पायदळाच्या माणसाला ५० असा भाव ठरला. तोफा आणि उंट धरून छपाईचा खर्च साडेआठ हजारांपर्यंत गेला. त्याच्या दागिन्यांच्या ऑर्डरी मध्ये येत, म्हणून माल हप्त्याहप्त्यानं मिळून मार्चच्या मध्यात पूर्ण हातात आला.

रेझिन छापून घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. माल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन अतिनील दिव्याखाली पक्का केलेला आहे ना, हे विचारा. बोटाला चिकट लागलं तर परत करा, त्यावर रंग धरत नाही. आणि घासताना मास्क लावा, ती भुकटी छातीत जायला नको. आधाराच्या काड्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून काढल्या की खुणा कमी राहतात. छापलेले भाले मी सगळे कापून टाकले, कारण रेझिनची बारीक काडी हात लागला की मोडते. रावपुऱ्यातून ०.८ मिलिमीटरची पितळी तार आणली, टोक हातोडीनं चपटं केलं आणि फेविक्विकनं चिकटवलं. ते भाले आजवर एकही तुटलेले नाहीत.

रंगांची गोष्ट जरा लांबली. मॅट (चमक नसलेले) रंग आणि वॉर्निश एका परदेशी दुकानातून ९ फेब्रुवारीला मागवले. पार्सल दिल्लीला पोचलं आणि तिथं थांबलं. कुरिअरकडून ईमेल आला: पॅन, आधार, पैसे भरल्याचा पुरावा आणि मालाचं वर्णन द्या. ते दिलं. मग विचारणा आली की द्रव ज्वालाग्राही आहे का. उत्पादकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक रंगाचं सुरक्षिततेचं पत्रक असतं. ते उतरवून पाठवलं, सोबत पाण्यावर आधारित ॲक्रिलिक असल्याचं एका ओळीत लिहून दिलं. पुन्हा शांतता. मालाची किंमत ४,६०० रुपये होती, शुल्काचं बिल साडेतीन हजारांच्या पुढे गेलं. १२ मार्चला खोकं घरी आलं. अशी खरेदी करायचीच असेल तर ही पत्रकं आणि बिल आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि स्प्रेचे डबे त्यात घालू नका. दाबाखालचे डबे विमानानं पाठवायला बंदी असते, त्यापायी सगळंच पार्सल अडकतं. तो महिना वाट पाहून कंटाळा आला आणि थोडा धीरही सुटला. पण त्यातून एक ठरलं: फौजेचे मुख्य रंग बडोद्यात कधीही मिळतील असेच ठेवायचे. अर्धी फौज झाल्यावर बाटली संपली आणि तोच रंग मिळेना, तर उरलेली अर्धी वेगळी दिसणार. त्यामुळे कपड्यांना आपल्याकडचे साधे आर्टिस्ट ॲक्रिलिक आणि बारीक कामाला बाहेरचे, अशी वाटणी केली.

अस्तराचा थर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिला, गच्चीवर, सकाळी आठच्या आत. बडोद्याचं ऊन चढल्यावर स्प्रे हवेतच वाळतो आणि मूर्तीवर खरखरीत दाणे बसतात. आधी सगळ्यांना काळा. मग तिरका वरून राखाडी. शेवटी अगदी डोक्यावरून थोडा पांढरा. वरून प्रकाश पडल्यावर जिथं उजेड असेल तिथं मूर्ती फिकट होते आणि घोड्याचं पोट, ढालीची आतली बाजू काळी राहते. हे सगळ्यांना एकाच कोनातून केलं की रंग लागण्याआधीच फौजेवर एकच सूर्य येतो. फौज एकत्र दिसण्याची पहिली पायरी इथंच आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. मला दोन डबे काळे, एक राखाडी, एक पांढरा लागला, मिळून बाराशे रुपये.

मग सहा स्वार चाचणीसाठी निवडले आणि प्रत्येकाला वेगळा पोशाख दिला. हिरवा अंगरखा, गुलाबी फेटा, पांढरीशुभ्र सुरवार, जांभळा शेला. हातात घेऊन पाहिले की एकेक छान. टेबलावर एका रांगेत ठेवून तीन फुटांवरून पाहिले की जत्रेतल्या खेळण्यांचं दुकान. खेळताना फौज तीन फुटांवरूनच दिसते, म्हणून निर्णय त्याच अंतरावरून घ्यायचा असं ठरलं. पुढे प्रत्येक टप्प्याला मी खुर्ची मागे सरकवून पाहत गेले.

त्याच आठवड्यात बडोद्यातल्या कीर्ती मंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकात, गेले. चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथल्या भिंती रंगवल्या आहेत. गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि चौथी भिंत अभिमन्यूवधाची. हे चित्र शाळेच्या सहलीतही पाहिलं होतं. या वेळी मी फक्त गर्दी पाहिली. एवढी माणसं, एवढे घोडे, रथ, आणि तरी डोळा अडखळत नाही. बराच वेळ उभी राहिल्यावर मला उत्तर रेषेत दिसलं. माणूस कुणीही असो, त्याला बांधणारी रेष एकाच हाताची आहे. सैनिकांना वेगवेगळे कपडे घालूनही त्यांची रेष एक ठेवता येईल, हे तिथं सुचलं. घरी येऊन ठरवलं की फौजेत जिथं जिथं दोन रंग भेटतात, अंगरखा आणि शेला, हात आणि लगाम, तिथं एकाच गडद तपकिरी रंगाची बारीक रेघ जाईल. काळी अजिबात नाही. काळ्या रेघेनं मूर्ती कापून चिकटवल्यासारखी दिसते, तपकिरी कपड्याच्या सावलीत मिसळते.

तांबेकर वाड्यातल्या भिंतींवरही लढाईची चित्रं आहेत, एकोणिसाव्या शतकातली. बडोद्याच्या माणसानं फौज रंगवायला घेतली तर ती पाहावीतच. मला तिथून पागोट्यांचे घाट मिळाले.

आता रंग. अठराव्या शतकातला कपडा वनस्पतींच्या रंगांनी रंगे: मंजिष्ठेचा तांबडा, निळीचा निळा, हळदीचा पिवळा, आणि ब्लीच न केलेल्या सुताचा मळकट पांढरा. म्हणून मी तेवढेच घेतले. तांबडा विटकरीकडे झुकणारा, पिवळा मातकट, निळा काळसर, पांढऱ्यात थोडा पिवळा. जोडीला कातड्याचा तपकिरी, लोखंड आणि पितळ. हिरवा, जांभळा, गुलाबी पूर्ण बाहेर. शिवाय या लढाईच्या दिवशी ती फौज सणाच्या पोशाखात नव्हती. दोन महिन्यांहून जास्त काळ छावणी अडकली होती, धान्य संपलं होतं, जनावरं उपाशी होती. झगमगीत रंग तिथं खोटे वाटले असते. तो दिवस डोळ्यासमोर आणून रंग निवडताना हात आपोआप आखडता होत होता.

आणि सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट: प्रत्येक कापडी रंगात थोडा रॉ अंबर (मातकट तपकिरी रंग) मिसळला. तांबड्यात, निळ्यात, पिवळ्यात, पांढऱ्यातसुद्धा. दहा भाग रंगाला एक भाग पुरतो. सगळ्या रंगांमध्ये एक रंग सामाईक असला की ते शेजारी ठेवल्यावर भांडत नाहीत. ज्यांना बाकी काही करायचं नसेल त्यांनी एवढं तरी करून पाहावं.

बारगीर आणि शिलेदार हा फरक मी आराखड्यातच आणला. २४ बारगीर, सगळ्यांची पागोटी तांबडी आणि खोगिराखालचं कापड निळं, कारण घोडा सरकारी तर त्यावरचा साजही सरकारी. २४ शिलेदार वेगवेगळे, पण त्याच चार कापडी रंगांतून. आठ जणांच्या टोळीत एकच पोशाख दोघांना नाही, आणि शेजारच्या दोघांची पागोटी एका रंगाची नाहीत. गारदी कवायती पलटण. इब्राहिमखान निजामाकडे असताना फ्रेंच सेनापती बुसीच्या पद्धतीत तयार झालेला. म्हणून त्यांना एकसारखी निळी बंडी दिली. या तिन्ही प्रकारच्या माणसांच्या कमरेला मात्र एकच मातकट पिवळा शेला. गोलंदाजांनाही तोच, उंटवाल्यांनाही तोच. लांबून पाहिलं की तो पिवळा पट्टा फौजेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो आणि डोळ्याला धागा मिळतो. भगवा फक्त निशाणांना. इतरत्र कुठंही नाही, अगदी दमाजीरावांच्या पागोट्यालाही नाही, म्हणून निशाण कुठं आहे ते क्षणात कळतं.

घोड्यांचे रंग ठरवायला मजा आली. बहुतेक कुमैत (तांबूस तपकिरी), थोडे सब्जे (करडे), दोनतीन काळे. अबलख, म्हणजे दोन रंगांच्या ठिगळांचा, फक्त एक, नगारजी स्वाराला. दमाजीरावांना पंचकल्याणी दिला, चारी पायांना आणि कपाळाला पांढरं असलेला. पांढरे घोडे टाळले, कारण रांगेत एक पांढरा घोडा असला की नजर तिथंच जाऊन बसते.

मे आणि जूनमध्ये काम सुरू झालं, पण वेग येईना. एक स्वार पुरा करायचा, मग दुसरा, असं चाललं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला गणपतीच्या मूर्ती करणारे एक काका आहेत. त्यांच्या शेडमध्ये जुलैत दीडशेच्या वर मूर्ती उभ्या असतात आणि सगळ्या एकाच घरच्या वाटतात. त्यांना विचारायला गेले. काका म्हणाले, "ताई, एक मूर्ती पुरी करायला घेऊच नको. एक रंग पुरा कर. अंगाचा रंग मी मोसमाच्या आधी एकदाच कालवतो, तोच शेवटपर्यंत पुरवतो. आणि आखणी सगळ्यात शेवटी, एका बैठकीत, म्हणजे हात बदलत नाही." डोळ्यांच्या कामाला ते आखणी म्हणतात.

त्यांचं ऐकून पद्धत बदलली. प्रत्येक रंग १०० मिलिलिटर एकदाच कालवून झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरला. एका दिवशी एकच रंग, सगळ्या फौजेला. आज सगळ्यांचे शेले, उद्या सगळ्यांचे लगाम. स्वार आइस्क्रीमच्या काडीवर चौघे आणि पायदळ सहा जण तात्पुरते चिकटवले, की हातात धरायला सोपं. टेबलावर एक पूर्ण झालेला नमुना स्वार कायम उभा ठेवला, आणि शंका आली की त्याच्याशी ताडून पाहायचं. शिवाय एका जाड कार्डावर प्रत्येक रंगाचा पट्टा खरोखर रंगवून खाली मिश्रणाचं प्रमाण लिहिलं. मोबाइलमधला फोटो या कामाला चालत नाही, रात्रीच्या आणि दिवसाच्या फोटोत तोच रंग दोन वेगळे दिसतात. दिव्याचंही तसंच. ६५०० केल्विनचा पांढरा दिवा घेतला, साडेसहाशे रुपयांचा, आणि रंग कालवणं फक्त त्याच्याखाली.

डोळे मात्र मी आखले नाहीत. इंचभर माणसाला डोळ्यांतलं पांढरं काढलं की तो दचकलेला दिसतो. भुवईखाली एक गडद रेघ पुरते. ती सगळ्यांना एका रविवारी दिली, काकांच्या सांगण्याप्रमाणे एकाच बैठकीत.

सावलीसाठी पातळ तपकिरी द्रव लागतो, त्याला या छंदात वॉश म्हणतात. विकतच्या छोट्या बाटल्या फौजेला पुरत नाहीत आणि महाग पडतात. मी घरी केला: एक भाग मॅट मीडियम (ॲक्रिलिकमध्ये मिसळायचा रंगहीन द्रव), दोन भाग पाणी, त्यात तपकिरी आणि थोडी काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक थेंबाथेंबानं, पांढऱ्या कागदावर हवी तेवढी गडद दिसेपर्यंत. दोनशे मिलिलिटर एकदम केला. हाच वॉश माणूस, घोडा, तोफ, उंट सगळ्यांवर गेला. सावलीचा रंग सगळीकडे एक झाला तेव्हा पहिल्यांदा मला टेबलावर फौज दिसली. त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. बडोद्याच्या लोकांना २०२४ चा तो आठवडा सांगायला नको. आमच्या तळमजल्यावर पाणी येईल अशी भीती होती, म्हणून फौज डब्यांतून वरच्या मजल्यावर नेली आणि सामान बांधून बसलो. वीज नव्हती. आमच्या घरात पाणी आलं नाही, पण शहरातल्या कितीतरी घरांत आलं. त्यानंतर बरेच दिवस ब्रशला हात लावावासा वाटला नाही. गणपती ७ सप्टेंबरला बसले, विसर्जनानंतर पुन्हा कामाला लागले.

वॉशनंतर उजळ कडा. प्रत्येक कापडाच्या वरच्या घड्यांवर त्याच रंगात मळकट पांढरा मिसळून एकेक रेघ. इथंही उजळ करायला सगळ्यांना तोच पांढरा. तांबड्याला केशरी, निळ्याला आकाशी अशी वेगवेगळी उजळणी केली असती तर अंबर घालून मिळवलेलं सगळं हातचं गेलं असतं.

मूर्तीच्या पायाखालच्या बैठकीकडे लोक दुर्लक्ष करतात असं मला वाटतं, आणि फौज बांधण्यात तिचा वाटा अर्धा आहे. स्वारांना २५ बाय ५० मिलिमीटरच्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) पट्ट्या, पायदळाला २५ च्या गोल चकत्या. घराशेजारी बांधकाम चालू होतं, तिथून वाळू आणून चहाच्या गाळणीनं चाळली, पातळ फेविकॉलवर पसरली. बडोद्याची काळी माती इथं चालली नसती. पानिपत यमुनेच्या गाळाच्या मैदानावर आहे, जमीन फिकट राखाडी तपकिरी. तो रंग कालवून सगळ्या बैठकांना दिला, वर कोरड्या ब्रशनं आणखी फिकट. मग तोच धुळीचा रंग कोरड्या ब्रशवर घेऊन घोड्यांच्या खुरांवर, गुडघ्यांपर्यंत, सुरवारींच्या कडांवर आणि तोफांच्या चाकांवर फिरवला. त्या एका थरानं माणसं जमिनीवर उभी राहिली. आधी ती जमिनीवर ठेवलेली होती. बैठकांच्या कडा सगळ्या एकाच तपकिरी रंगाच्या, कारण टेबलावर सर्वांत जास्त दिसते ती कड.

वॉर्निशसाठी पावसाळा पूर्ण संपण्याची वाट पाहिली. दमट हवेत मॅट वॉर्निश फवारलं तर पांढुरका थर धरतो आणि तो सहज जात नाही. तीनशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा काटा घेतला आणि ६० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय डबा हातात घ्यायचा नाही असं ठरवलं. शरद पौर्णिमा गेली, काटा खाली येईना. दिवाळीही गेली. नोव्हेंबरच्या मध्यात एका कोरड्या दुपारी काम झालं. आधी टिकण्यासाठी चकचकीत थर, तो वाळल्यावर दोन पातळ मॅट थर. मॅटचा उपयोग केवळ संरक्षणाचा नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग वेगवेगळे चमकतात, वॉश लागलेला भाग आणखी वेगळा. एकाच मॅट थरानं ती चमक सारखी होते. तलवारी आणि तोफांच्या नळ्यांवर मात्र धातूचा रंग वॉर्निशनंतर पुन्हा लावला, म्हणजे फौजेत चमकतं ते फक्त हत्यार.

निशाणं शेवटी. साध्या कागदावर दोन्ही बाजूंनी रंगवून, पातळ फेविकॉलनं तारेभोवती दुमडली आणि ओली असतानाच बोटांनी घड्या घातल्या. वाऱ्याची दिशा सगळ्यांची एक, हे चिकटवण्याआधी पाहून घ्या. दोन निशाणं विरुद्ध दिशांना फडकली की इतकं काम क्षणात खोटं वाटतं.

खर्चाचा हिशेब असा: फाइल आणि छपाई साडेअकरा हजारांच्या आत, परदेशी रंग शुल्कासह सव्वाआठ हजार, इथले रंग, इंक आणि मीडियम अडीच हजार, स्प्रे आणि वॉर्निश अडीच हजार, बाकी दिवा, काटा, तार, एमडीएफ मिळून दोन हजार. परदेशी रंगांशिवाय हे काम होऊ शकतं असं आता मी खात्रीनं सांगते. पुन्हा करायचं झालं तर तिथून फक्त वॉर्निश घेईन.

जानेवारीत रेल्वेनं पुण्याला नेताना बैठकांखाली चुंबकी शीट चिकटवलं आणि बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यांत माणसं उभी केली. एकही हललं नाही. भाच्याचे मध्यातले हुजुरातीचे, म्हणजे पेशव्यांच्या खास पथकाचे, स्वार मात्र वेगळ्याच हातचे, उजळ आणि चकचकीत, बैठका हिरव्या गवताच्या. माझ्यासोबत धुळीच्या रंगाची बाटली, उरलेला वॉश आणि मॅट वॉर्निश होतं. त्याचे स्वार पुन्हा रंगवायची गरज पडली नाही. एक पातळ वॉश, बैठकांवर तोच मातीचा रंग, कडा तपकिरी, खुरांवर धूळ आणि वर मॅट. दोन संध्याकाळी आम्ही चौघं बसलो होतो. १४ तारखेला डावी बाजू आणि मध्य टेबलावर लागले तेव्हा कुठली माणसं कुणी रंगवली ते त्याच्या मित्रांना सांगावं लागलं.

आता विंचूरकरांच्या पथकाच्या फाइल छपाईला दिल्या आहेत. रंगांच्या बाटल्या अजून निम्म्या भरलेल्या आहेत आणि कार्ड भिंतीवर लावलेलं आहे. या पथकाचे शेलेही मातकट पिवळेच असतील, पागोटी तेवढी निळी.